अरबीत लिहिलं गेलेलं विज्ञान: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर दोनच प्रकारचे फॉरवर्ड फिरतात. एकात कॅमेऱ्यापासून रोबोटपर्यंत जगातलं सगळं मुसलमानांनी शोधलं, दुसऱ्यात त्यांनी काहीच शोधलं नाही, इकडून उचललं नि तिकडे दिलं. दोन्ही पाठवणाऱ्यांनी एकही जुना ग्रंथ उघडून बघितलेला नसतो. खाली तेच प्रश्न घेतलेत जे लोक पुन्हा पुन्हा विचारतात, काहींना लांब उत्तर लागतं, काहींना दोन ओळी पुरतात.

"इस्लामी विज्ञान" म्हणजे काय? विज्ञानाला धर्म असतो का?

नसतो, पण सोयीचं नाव लागतं म्हणून वापरतात. साधारण आठव्या ते सोळाव्या शतकात, स्पेनमधल्या कॉर्डोबापासून आजच्या उझबेकिस्तानातल्या समरकंदपर्यंत मुस्लिम राजवटींखाली जे शास्त्र लिहिलं गेलं ते बहुतेक अरबीत होतं, पुढे फारसीतही, कारण तेव्हा शहाण्या माणसाला चार लोकांनी वाचावं असं वाटत असेल तर अरबीशिवाय पर्याय नव्हता. आता हे लिहिणारे कोण? अल-ख्वारिझ्मीचं घराणं अरल समुद्राजवळच्या ख्वारझमचं, इब्न सिना बुखाऱ्याजवळ जन्मला, म्हणजे दोघंही अरब नाहीत. ग्रीक ग्रंथांचा सगळ्यात मोठा अनुवादक हुनैन इब्न इसहाक ख्रिश्चन होता. गणिती साबित इब्न कुर्रा हर्रान गावचा, ग्रहांची पूजा करणाऱ्या पंथातला. वैद्य आणि तत्त्वज्ञ मायमोनिडीस ज्यू. म्हणजे "अरब" म्हटलं तरी चुकतं नि "मुसलमान" म्हटलं तरी अर्धवटच राहतं.

पण धर्माचा काहीच संबंध नाही असंही नाही हं. नमाजाच्या पाच वेळा सूर्याच्या उंचीवरून ठरतात, मक्केची दिशा गोल पृथ्वीवर काढायची म्हणजे गोलीय त्रिकोणमिती लागते, आणि वारसाहक्काचे नियम इतके किचकट की वाटणी करायला समीकरणं सोडवावी लागतात. धर्माने उत्तरं दिली नाहीत, पण गणित्यांना आयुष्यभर पुरतील एवढी उदाहरणं मात्र दिली.

शून्य अरबांनी शोधलं ना?

नाही. शून्याला संख्या मानून त्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात लिहिलेत, तो राजस्थानातल्या भिनमाळचा. खलिफा अल-मन्सूरने ७६२ मध्ये बगदाद वसवलं आणि त्यानंतर दहा-बारा वर्षांतच सिंधकडून आलेल्या लोकांबरोबर भारतीय ज्योतिषाचा ग्रंथ तिथल्या दरबारात पोचला, त्यावरून अरबीत जे कोष्टक तयार झालं त्याला ते "सिंदहिंद" म्हणायचे. अंक कुठून आले हे त्यांनी कधी लपवलं नाही, ख्वारिझ्मीने तर हिंदी, म्हणजे भारतीय, अंकांवर वेगळं पुस्तकच लिहिलं, ज्याचं मूळ अरबी आज हरवलंय आणि फक्त लॅटिन रूपं उरलीत. युरोपने मग त्यांना "अरबी अंक" म्हटलं तो युरोपचा प्रॉब्लेम.

मात्र इथे थांबू नका. ९५२ साली दमास्कसमध्ये अल-उक्लिदिसी नावाच्या माणसाने धूळपाटी सोडून कागदावर शाईने हिशेब कसा करायचा ते लिहिलं. धुळीत आकडे पुसत पुसत जायचं असतं, कागदावर पुसता येत नाही म्हणून रीतच बदलावी लागते, त्याने ती बदलली आणि त्याच पुस्तकात दशांश अपूर्णांकही वापरले. पुढे समरकंदच्या अल-काशीने १४२४ मध्ये पायची किंमत सोळा दशांश स्थळांपर्यंत अचूक काढली, हाताने. अंक आपले हे खरंच आहे, पण त्या अंकांनी पुढे काय काय केलं त्यात त्यांचा वाटा मोठा आहे, आणि हे दोन्ही एका वाक्यात म्हणायला जीभ का अडखळते कुणास ठाऊक.

मग ख्वारिझ्मीने नवीन काय केलं? बीजगणित आपल्याकडे होतंच की.

होतं, आणि ब्रह्मगुप्ताचं काही बाबतीत पुढचंही होतं, तो ऋण संख्या बिनधास्त वापरायचा, ख्वारिझ्मी त्या टाळायचा. ख्वारिझ्मीचं वेगळेपण त्याच्या मांडणीत आहे. साधारण ८२० च्या सुमाराच्या त्याच्या पुस्तकात तो म्हणतो की अज्ञाताची नि त्याच्या वर्गाची समीकरणं कितीही आली तरी शेवटी सहाच प्रकारांत बसतात, आणि मग प्रत्येक प्रकाराची रीत देतो, आणि रीत बरोबर का आहे ते आकृती काढून दाखवतो. हे शेवटचं महत्त्वाचं.

त्याचंच गाजलेलं उदाहरण घ्या. एका वर्गात त्याचीच दहा मुळं मिळवली तर ३९ होतात, मूळ किती? तो म्हणतो दहाचे अर्धे पाच, पाचाचा वर्ग २५, तो ३९ मध्ये मिळवा, ६४ झाले, त्याचं वर्गमूळ ८, त्यातून पाच वजा, उत्तर ३. ताळा करा, ९ आणि ३० मिळून ३९. आता हे का चालतं? कागदावर एक चौरस काढा, त्याच्या दोन बाजूंना पाच रुंदीच्या दोन पट्ट्या चिकटवा, चौरस आणि पट्ट्या मिळून क्षेत्रफळ ३९. कोपऱ्यात एक जागा रिकामी राहते, पाच बाय पाचची. ती भरली की मोठा चौरस पूर्ण होतो ६४ चा, म्हणजे बाजू आठ. दहावीत "पूर्ण वर्ग पद्धत" म्हणून जे पाठ करून घेतात ते हेच आहे, फक्त ही आकृती शाळेत सहसा कुणी काढून दाखवत नाही आणि मग पोरांना वाटतं ही पाच आणायची आयडिया आकाशातून पडली.

आणि एक, या पुस्तकात एकही चिन्ह नाही. बरोबरचं चिन्ह नाही, क्ष नाही, आकडेसुद्धा शब्दांत. पुस्तकाचा मोठा भाग मृत्युपत्र नि वारसावाटणीच्या उदाहरणांनी भरलाय.

त्यांनी फक्त ग्रीकांची भाषांतरं केली, पोस्टमनचं काम केलं, हे खरं ना?

भाषांतर म्हणजे सोपं काम असं ज्यांना वाटतं त्यांनी हुनैनचं काम बघावं. नवव्या शतकातला हा बगदादचा वैद्य. त्याने स्वतःच एक यादी लिहून ठेवलीय, गेलेन या जुन्या ग्रीक वैद्याचे शंभरावर ग्रंथ, कुठला कुणी सिरियाक भाषेत आणला, कुठला अरबीत, आधीचं भाषांतर कसं वाईट होतं, मी ते परत कसं केलं. त्याची पद्धत अशी की एका ग्रंथाच्या जमतील तेवढ्या ग्रीक प्रती गोळा करायच्या, त्या एकमेकींशी ताडून शुद्ध पाठ ठरवायचा, मगच भाषांतराला हात घालायचा. आजचा चिकित्सक आवृत्ती काढणारा संशोधक दुसरं काय करतो? गेलेनचा तर्कशास्त्रावरचा एक ग्रंथ शोधत तो इराक, सीरिया, पॅलेस्टाइन, इजिप्त करत थेट अलेक्झांड्रियापर्यंत गेला आणि हाती लागला तो दमास्कसमध्ये, तोही साधारण अर्धाच, पानं उलटसुलट. हे तो स्वतःच लिहितो आणि वाचताना त्याची चिडचिड जाणवते.

मुळात ग्रीकमधून अरबीत आणायचं तर अरबीत तेव्हा शब्दच नव्हते, ते घडवावे लागले. आणि वाचता वाचता लोकांना चुका सापडायला लागल्या. अल-राझी, वैद्य, नवव्या-दहाव्या शतकातला, त्याने गेलेनबद्दलच्या शंकांचं पुस्तक लिहिलं. इब्न अल-हैथमने ग्रीक खगोलज्ञ टॉलेमीबद्दलच्या शंकांचं लिहिलं. पोस्टमन पत्रं उघडून त्यातल्या चुका लाल शाईने सुधारत नाही.

"बैत अल-हिक्मा" नावाची बगदादमधली प्रचंड विद्यापीठासारखी संस्था, तिथे शेकडो विद्वान राबत होते, हे चित्र मात्र जरा फुगवलेलं आहे. राजवाड्यातलं ग्रंथालय होतं हे नक्की, भाषांतराचं सगळं काम तिथेच चालायचं याला पुरावा पातळ आहे. बरंचसं काम श्रीमंत लोकांनी खाजगी पैसे देऊन करून घेतलंय. मूसाचे तीन मुलगे, बनू मूसा म्हणतात त्यांना, हे स्वतः गणिती आणि यंत्रवेडे, तेच अनुवादकांना पगार द्यायचे.

हे सगळं बगदादमध्येच का झालं?

पैसा, आणि त्याच्या जोडीला कागद. चिनी लोकांकडची कागदाची विद्या मध्य आशियातून आली, आठव्या शतकाच्या शेवटी बगदादमध्ये कागद बनायला लागला. (७५१ च्या तलासच्या लढाईत पकडलेल्या चिनी कैद्यांनी ती शिकवली ही गोष्ट फार ऐकवतात, पण समरकंदच्या भागात कागद आधीपासून माहीत असावा.) चामड्यावर लिहायचं तर एका ग्रंथाला मेंढ्यांचा कळप लागतो. कागद स्वस्त झाला की नकलनवीस आले, पुस्तकांचा बाजार आला, नि मध्यमवर्गीय माणूसही घरात पुस्तकं ठेवायला लागला.

इब्न अल-हैथमला "पहिला शास्त्रज्ञ" म्हणतात, ते कितपत खरं?

"पहिला" म्हटलं की मी जरा सावध होतो, पण माणूस जबरदस्त होता यात वाद नाही. जन्म ९६५ च्या सुमारास बसऱ्याला, आयुष्याचा मोठा भाग कैरोत, मृत्यू १०४० च्या आसपास. त्याच्याबद्दलचा मशहूर किस्सा असा की नाईलचा पूर मी आवरून दाखवतो म्हणाला, खलिफा अल-हाकिमने बोलावलं, हा दक्षिणेला गेला, जुन्या इजिप्शियन लोकांची अफाट बांधकामं बघितली नि त्याच्या लक्षात आलं की होण्यासारखं असतं तर या लोकांनी कधीच केलं असतं. खलिफा लहरी, डोकं उडवेल, म्हणून याने वेडाचं सोंग घेतलं आणि १०२१ मध्ये खलिफा गेला तेव्हाच शहाणा झाला. किस्सा मस्त आहे पण तो लिहिणारा दोनेकशे वर्षांनंतरचा, तेव्हा मिठाच्या खड्यासकट घ्या.

खरं काम म्हणजे "किताब अल-मनाझिर", प्रकाश आणि दृष्टीवरचे सात खंड. त्याच्या आधी युक्लिड, टॉलेमी वगैरे मंडळी म्हणायची की डोळ्यातून किरण निघतात आणि वस्तूला जाऊन स्पर्श करतात म्हणून दिसतं. याचं म्हणणं उलटं, प्रकाश वस्तूवरून डोळ्यात येतो, आणि याचे पुरावे तो अगदी साधे देतो: सूर्याकडे बघा, डोळा दुखतो, प्रखर उजेडाकडे बघून डोळे मिटा, ठसा राहतो, म्हणजे बाहेरून आत काहीतरी येतंय. पण सगळ्यात भारी प्रयोग अंधाऱ्या खोलीचा. भिंतीला भोक, भोकाच्या बाहेरच्या अंगाला ओळीने वेगवेगळे दिवे, आतल्या भिंतीवर प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका. आता एक दिवा झाका, त्याचाच ठिपका जातो, बाकीचे जागेवर. म्हणजे सगळ्या दिव्यांचा प्रकाश त्याच एवढ्याशा भोकातून जातो पण एकमेकांत मिसळत नाही. घरी तीन मेणबत्त्या नि पुठ्ठ्याने हा प्रयोग सहज होतो, करून बघा.

यावरून "कॅमेऱ्याचा शोध" म्हणतात ते बरोबर नाही, भोकातून उलटी प्रतिमा पडते हे चीनमध्ये कित्येक शतकं आधी नोंदलेलं आहे. त्याची करामत ही की त्याने त्या भोकाचा उपयोग एका प्रश्नाचं उत्तर काढायला केला, एक गोष्ट बदलली, बाकीच्या तशाच ठेवल्या, आणि काय झालं ते लिहिलं. तो चुकलाही, प्रतिमा डोळ्यातल्या भिंगापाशी जाणवते असं त्याला वाटलं, डोळ्याच्या मागच्या पडद्यावर उलटी पडते हे जर्मन खगोलज्ञ केप्लरने १६०४ मध्ये सांगितलं. पण केप्लरच्या टेबलावर याच्याच पुस्तकाची लॅटिन आवृत्ती होती, १५७२ मध्ये बाझलला छापलेली. त्याच परंपरेत इराणमध्ये कमालुद्दीन अल-फारिसीने पाणी भरलेल्या काचेच्या गोळ्यावर प्रयोग करून इंद्रधनुष्य कसं पडतं ते चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला उलगडलं, आणि गंमत म्हणजे साधारण त्याच वर्षांत जर्मनीत थिओडोरिक नावाच्या धर्मगुरूनेही, एकमेकांचा पत्ता नसताना.

अल-बिरुनीने पृथ्वी मोजली ती आपल्याकडे, हे खरं का?

हो, आजच्या पाकिस्तानात, पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेत नंदना नावाचा किल्ला आहे तिथे. याआधी खलिफा अल-मामूनच्या लोकांनी ८३० च्या सुमारास इराकमधल्या सिंजारच्या मैदानात उत्तर-दक्षिण चालत जाऊन एक अंश म्हणजे किती मैल ते मोजलं होतं, वाळवंटात दोर घेऊन. बिरुनी म्हणाला एवढं चालायची गरज नाही. आधी डोंगराची उंची काढली, त्याच्या हिशेबाने साधारण ६५२ हात. मग माथ्यावर उभं राहून क्षितिज सरळ रेषेच्या किती खाली दिसतं तो कोन मोजला, ३४ कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून जरासा जास्त. एका त्रिकोणात हे बसवलं की पृथ्वीची त्रिज्या निघते, त्याची आली सुमारे १ कोटी २८ लाख हात.

आता फॉरवर्डमध्ये लिहिलेलं असतं "९९ टक्क्यांहून अचूक!" इथे थोडं थांबा. त्याचा हात किती सेंटिमीटरचा? ४९ धरला तर त्रिज्या ६,२७४ किलोमीटर येते, ५० धरला तर ६,४०२, खरी आहे साधारण ६,३७१. म्हणजे हाताची लांबी जरा इकडेतिकडे करून पाहिजे तेवढी अचूकता काढता येते. शिवाय क्षितिजाजवळ हवा प्रकाशाला वाकवते, त्याने कोन थोडा कमी दिसतो, तेव्हा आकडा जवळ आला त्यात नशिबाचाही भाग आहेच. पद्धत मात्र शंभर नंबरी, एका माणसाने एका डोंगरावर उभं राहून अख्खी पृथ्वी मोजायची हे डोक्यात येणंच भन्नाट.

(जाता जाता: सिंजारच्या मोजणीतला ५६ आणि दोन तृतीयांश मैलांचा आकडा अल-फरगानीच्या पुस्तकातून कोलंबसपर्यंत पोचला. मैल अरबी होते, त्याने ते आखूड रोमन मैल समजले, पृथ्वी त्याच्या हिशेबात लहान झाली आणि म्हणून पश्चिमेकडून आशिया जवळ आहे अशी त्याची खात्री पटली.)

पण बिरुनी गझनीच्या महमुदाबरोबरच आला होता ना?

हो, आणि हे टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही. ख्वारझम महमुदाने जिंकलं तेव्हा बिरुनीला गझनीला नेलं गेलं, राजीखुशीने की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. त्याच महमुदाच्या स्वाऱ्यांच्या आडोशाने तो पंजाबात आला, पंडितांकडून संस्कृत शिकला, आणि १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावरचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तो सरळ लिहितो की महमुदाने या देशाची भरभराट उद्ध्वस्त केली, हिंदू धुळीच्या कणांसारखे चहूकडे उधळले गेले, आणि म्हणूनच त्यांची शास्त्रं आमचा हात पोचत नाही अशा ठिकाणी, काश्मीर, बनारसकडे निघून गेली. महमूद नुकताच वारलेला, गादीवर त्याचाच मुलगा, आणि हा त्या दरबारच्या छायेत बसून हे लिहितोय. भारतीय पंडितांवरही त्याची टीका आहे, कधी कधी खवचट, पण पतंजली आणि सांख्य मुळातून वाचून केलेली. मला तरी त्या काळातला असा दुसरा प्रामाणिक पाहुणा दिसत नाही.

वैद्यकात काय? युनानी म्हणजे ग्रीकच की.

मूळ ग्रीक, पण बगदादला चरक नि सुश्रुतही अरबीत आले होते आणि राझी त्यांचे दाखले देतो. राझीनेच देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार म्हणून लक्षणांसकट वेगळे लिहिले. कॉर्डोबाच्या अल-झहरावीने शस्त्रक्रियेच्या हत्यारांची चित्रं काढून ठेवली, प्रत्येक हत्यार कसं धरायचं त्यासकट. इब्न सिनाचा "कानून" युरोपातल्या मेडिकलच्या पोरांना सतराव्या शतकापर्यंत अभ्यासाला होता.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इब्न अल-नफीसची, तेराव्या शतकातला कैरोचा वैद्य. गेलेन म्हणून गेला होता की हृदयाच्या मधल्या पडद्याला सूक्ष्म भोकं आहेत, त्यातून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपतं, आणि हजारेक वर्षं सगळे माना डोलवत होते. नफीस म्हणाला पडदा जाड आहे, भोकं नाहीत, रक्त फुप्फुसातून फिरून डावीकडे येतं. बरोबर! पण हे त्याने इब्न सिनाच्या ग्रंथावरच्या भाष्यात मध्येच कुठेतरी लिहिलं, फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि १९२४ मध्ये जर्मनीत शिकणाऱ्या मुहियुद्दीन अल-ततावी नावाच्या इजिप्शियन डॉक्टरला बर्लिनच्या ग्रंथालयात ते हस्तलिखित सापडलं.

अल-जझरीने रोबोट बनवले होते?

रोबोट म्हणजे तुम्ही काय म्हणता त्यावर आहे. दियारबकिरच्या (आजचं तुर्कस्तान) आर्तुकी राजांकडे हा २५ वर्षं नोकरीला होता, १२०६ मध्ये त्याने पन्नास यंत्रांचं पुस्तक पूर्ण केलं. हात धुवायला पाणी ओतणारे पुतळे, नावेत बसून वाजवणारे यांत्रिक वादक, आपोआप बदलणारी कारंजी. राजाच्या मेजवानीत पाहुण्यांना चकित करायचं सामान, थोडक्यात. पण त्याच पुस्तकात पाणी उपसायची यंत्रंही आहेत, आणि त्यातला दोन नळकांड्यांचा पंप, जो एकीकडून ओढतो तेव्हा दुसरीकडून ढकलतो, तो इंजिनियर लोक आजही कौतुकाने बघतात.

त्याचं हत्तीचं घड्याळ मात्र आपण नीट बघायलाच हवं. हत्तीच्या पोटात पाण्याची टाकी, टाकीत तरंगणारं भांडं, भांड्याच्या बुडाला बारीक छिद्र. भांडं भरत जातं आणि अर्ध्या तासाने बुडतं, बुडताना दोरी ओढतं, वरून गोळी सुटते, पक्षी फिरतो, गोळी ससाण्याच्या चोचीतून सापाच्या तोंडात पडते, वजनाने साप खाली झुकतो आणि झुकता झुकता बुडलेलं भांडं परत वर खेचतो, माहूत हत्तीला मारतो, नि पुन्हा सुरू. हे छिद्राचं बुडणारं भांडं म्हणजे आपलं घटिकापात्र! लग्नाचा मुहूर्त साधायला भटजी जे घंगाळात सोडायचे तेच. आपल्याकडे ते बुडलं की माणूस टोला द्यायचा नि हाताने रिकामं करून परत ठेवायचा, जझरीच्या यंत्रात माणसाची गरजच नाही, ते स्वतःला परत भरायला लावतं. पुस्तक वाचताना आणखी एक गोष्ट भावते की तो मापं देतो, कुठलं पत्र्याचं, कुठलं ओतीव, सांधा कसा बसवायचा, म्हणजे दुसऱ्या कारागिराला बनवता यावं म्हणून लिहिलंय. अशी सवय आपल्या कारागिरांना असती तर किती गोष्टी वाचल्या असत्या.

कोपर्निकसने यांचं चोरलं का?

चोरलं म्हणू नका. झालं असं की १२५८ मध्ये मोंगल हुलागूने बगदाद उद्ध्वस्त केलं आणि लगेच दुसऱ्या वर्षी त्याच हुलागूच्या पैशाने इराणमध्ये मरागाला नसीरुद्दीन तुसीने वेधशाळा उभी करायला घेतली (इतिहास असाच असतो). तुसीला टॉलेमीच्या गणितातली एक जागा खटकायची, तिथे वर्तुळं आपल्या केंद्राभोवती एकसारखी फिरत नव्हती. त्यावर त्याने युक्ती काढली, मोठ्या वर्तुळाच्या आत त्याच्या निम्म्या आकाराचं वर्तुळ घरंगळवा, लहान वर्तुळावरचा एक बिंदू सरळ रेषेत मागेपुढे होतो. गोल गतीतून सरळ गती. पुढे दमास्कसच्या मशिदीत नमाजाच्या वेळा ठरवण्याच्या नोकरीवर असलेल्या इब्न अल-शातिरने चौदाव्या शतकात चंद्राचं नवं गणित मांडलं.

कोपर्निकसच्या १५४३ च्या पुस्तकात तुसीची युक्ती आहे आणि चंद्राचं गणित तर शातिरसारखंच. १९५० च्या दशकात अभ्यासकांच्या हे लक्षात आलं तेव्हा खळबळ माजली. हे त्याच्यापर्यंत नेमकं कुठल्या वाटेने पोचलं त्यावर अजून वाद चाललाय. जुना खगोलज्ञ बत्तानी, वर आलेला साबित यांची नावं तो स्वतः घेतो. सूर्य मध्ये ठेवणं मात्र त्याचंच, तुसी नि शातिर दोघांच्याही हिशेबात पृथ्वीच मध्ये होती.

काही फॉरवर्ड पटापट चेक करून द्या ना.

"मरियम अल-अस्तुरलाबीने अ‍ॅस्ट्रोलेब शोधला": अ‍ॅस्ट्रोलेब, म्हणजे ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र, तिच्या कितीतरी आधीचा, ग्रीक काळातला. दहाव्या शतकातल्या एका ग्रंथसूचीत यंत्रकारांच्या यादीत "इजलीची मुलगी" अशी एवढीच नोंद आहे, अलेप्पोच्या दरबारात कामाला होती. मरियम हे नाव तिथे नाही. एक बाई दहाव्या शतकात दरबारी यंत्रकार होती, हे एवढंच पुरेसं भारी नाही का?

"अब्बास इब्न फिर्नास पहिला उडाला": कॉर्डोबाचा नवव्या शतकातला माणूस खरा, पण उडण्याचा सविस्तर वृत्तान्त सतराव्या शतकातल्या लेखकाकडून येतो. काहीतरी केलं असेल, विमानाचा शोध नव्हे.

"कॉफी": पटण्यासारखं. पंधराव्या शतकात येमेनचे सूफी रात्रीच्या जपासाठी जागायला प्यायचे.

"बंदुकीची दारू": चीन.

मग हे सगळं बंद का पडलं? गझालीमुळे?

हे उत्तर इतकं तयार मिळतं की कुणी तपासतच नाही. गझाली हा धर्मपंडित, त्याने तत्त्वज्ञांवर टीका केली आणि तिथूनच विज्ञान बंद पडलं असं म्हणतात. तो ११११ मध्ये वारला. वर नावं घेतली ती जझरी, तुसी, नफीस, फारिसी, शातिर, काशी, सगळी त्याच्या नंतरची. आणि ज्या पुस्तकात तो तत्त्वज्ञांना झोडपतो त्याच्याच सुरुवातीला म्हणतो की ग्रहणाचं गणित सिद्ध झालेलं आहे, धर्माच्या नावाने त्याच्याशी भांडणारा धर्माचंच नुकसान करतो.

एकच कारण शोधू नये असं माझं मत. मोंगलांनी बगदाद जाळलं पण मरागा उभी केली. समरकंदला उलुग बेग स्वतः राजा आणि स्वतः खगोलज्ञ, साधारण ४० मीटर त्रिज्येचं दगडी यंत्र बांधलं, हजारावर ताऱ्यांची यादी १४३७ मध्ये केली, आणि १४४९ मध्ये सख्ख्या मुलाच्या कारस्थानात मारला गेला, वेधशाळा पडली. इस्तंबूलला तकीउद्दीनची वेधशाळा १५७७ मध्ये सुरू झाली नि १५८० मध्ये सुलतानाच्या हुकुमाने पाडली. त्याच वर्षांत डेन्मार्कात टायको ब्राहेची वेधशाळा जोरात चालू होती. दिसतं असं की सगळं एकेका राजाच्या मर्जीवर, राजा गेला की दुकान बंद, पिढ्यानपिढ्या चालेल अशी संस्था नाही. वर छापखाना उशिरा, इस्तंबूलमध्ये मुसलमानाचा अरबी लिपीतला पहिला छापखाना निघाला १७२७ मध्ये, गुटेनबर्गनंतर पावणेतीनशे वर्षांनी. आणि मधल्या काळात समुद्री व्यापाराचा पैसा युरोपकडे वळला तो वेगळाच.

आपल्या भागात याचं काही बघायला मिळतं का?

मिळतं की. जुना इतिहासकार फिरिश्ता लिहितो की फिरोजशाह बहमनीने १४०७ मध्ये दौलताबादजवळच्या घाटावर वेधशाळा बांधायला काढली होती, पण त्याचा खगोलज्ञ वारला नि काम अर्धवट राहिलं, म्हणजे परत तीच रड. ती आज दिसत नाही. दिसतं ते पाणी. इराणी कनातीचं तंत्र, जमिनीखालून उताराच्या बोगद्याने पाणी आणायचं, ठिकठिकाणी वर विहिरीसारखी तोंडं ठेवायची, ते छत्रपती संभाजीनगरला मलिक अंबरच्या नहरीत आहे, आणि शेजारी मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरला कुंडी भंडाऱ्यात. संभाजीनगरच्या पाणचक्कीला गेलात तर नुसतं चक्कीपाशी सेल्फी काढून परत येऊ नका, ते पाणी डोंगराकडून मातीच्या नळांतून एवढं लांब कसं येतं ते विचारा.

आणि जयपूरला गेलात तर जंतरमंतर. सवाई जयसिंगाने उलुग बेगची कोष्टकं अभ्यासली होती, दगडी यंत्रं मोठी बांधायची कल्पना समरकंदच्याच वळणाची, आणि त्याच्या पदरच्या जगन्नाथ पंडिताने तुसीच्या अरबी आवृत्तीवरून टॉलेमी आणि युक्लिड दोन्ही संस्कृतात आणले. तिथलं मोठं सम्राट यंत्र २७ मीटर उंच आहे. सावली मनगटातल्या घड्याळाशी जुळत नाही म्हणून नाक मुरडू नका, ते यंत्र जयपूरची स्थानिक वेळ दाखवतं, आपली घड्याळं त्याच्या साधारण २७ मिनिटं पुढे असतात, त्यावर ऋतूप्रमाणे आणखी काही मिनिटांचा फरक पडतो, तो तिथले गाईड सांगतात.